रिकाम्या खुर्च्यांचा कारभार



विधिमंडळ हा विषय निघाला की आपली चर्चा बहुतेक वेळा सदस्यांभोवती फिरते. कोण कोणत्या पक्षात गेला, कोणाला मंत्रिपद मिळाले, कोण सभागृहात काय बोलला. गिरणगावाने तर आमदारांची चर्चा नाक्यावर, चाळीच्या कठड्यावर आणि गणेशोत्सवाच्या मांडवात पिढ्यान्‌पिढ्या केली आहे. पण सदस्य सभागृहात गेल्यावर त्याला बोलायला कोण देतो, त्याचा प्रश्न स्वीकारतो की फेटाळतो कोण, त्याच्या सदस्यत्वाचाच वाद उभा राहिला तर निकाल कोणी द्यायचा, हे ज्यांच्या हाती असते त्या पदाधिकाऱ्यांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. विधानसभेचे अध्यक्ष व उपाध्यक्ष, विधान परिषदेचे सभापती व उपसभापती, आणि विरोधी पक्षनेते ही ती पदे. या पदांवर बसलेल्या माणसांच्या गुणदोषांची चिकित्सा मी आज करणार नाही. या पदांवर कोणीच बसलेले नसते तेव्हा काय घडते, एवढाच प्रश्न मी घेतला आहे. माझे म्हणणे असे की गेल्या पाच-सहा वर्षांत महाराष्ट्रात पद रिकामे राहणे ही कारभाराची एक पद्धतच होऊन बसली आहे. सत्तेवर कोणीही असो, तिचा मोह त्याला सुटत नाही. तिच्या मुळाशी कायद्यातली एक मोकळी जागा आहे आणि ती भरण्याचा अधिकार सभागृहाकडेच आहे.

आधी घटनाक्रम पाहू. विधानसभेचे अध्यक्ष नाना पटोले यांनी ४ फेब्रुवारी २०२१ रोजी राजीनामा दिला. पुढचे अध्यक्ष राहुल नार्वेकर ३ जुलै २०२२ रोजी निवडले गेले. म्हणजे जवळजवळ १७ महिने २८८ सदस्यांच्या सभागृहाला अध्यक्ष नव्हता. त्याच जुलै महिन्यात विधान परिषदेचे सभापती रामराजे नाईक-निंबाळकर यांची मुदत संपली आणि ती खुर्ची १९ डिसेंबर २०२४ रोजी राम शिंदे यांची निवड होईपर्यंत, म्हणजे सुमारे अडीच वर्षे, रिकामी राहिली. राज्यपालांनी नेमायच्या परिषदेच्या १२ जागा २०२० च्या जूनपासून रिकाम्या होत्या. त्यातल्या सात भरल्या त्या ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीची घोषणा व्हायच्या दिवशी. २०२४ च्या निवडणुकीनंतर विधानसभेला विरोधी पक्षनेता मिळाला नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अंबादास दानवे यांची मुदत संपल्यावर परिषदेचे ते पदही रिकामे झाले. एकेक प्रसंग सुटा घेतला तर प्रत्येकाला काही ना काही कारण सापडते. करोना होता, आघाडीत एकमत नव्हते, राज्यपाल अडून बसले होते, प्रकरण न्यायालयात होते. सगळे प्रसंग शेजारी मांडले की मात्र कारणे बदलत जातात आणि परिणाम तोच राहतो.

आता याच्या शेजारी एक जुने प्रकरण ठेवतो. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा ५ जून १९७० रोजी खून झाला. त्या जागेची पोटनिवडणूक त्याच वर्षी ऑक्टोबरात झाली. वामनराव महाडिक निवडून आले आणि शिवसेनेला विधानसभेत पहिला आमदार मिळाला. त्या खुनाने आणि त्या निकालाने गिरणगावाचे राजकारण कायमचे बदलले, पण तो विषय वेगळा. मला एवढेच दाखवायचे आहे की इतक्या पेटलेल्या वातावरणातही परळची जागा पाच महिन्यांच्या आत भरली गेली. पुढे १९९६ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात १५१-अ हे कलम आले आणि रिकामी झालेली जागा साधारणपणे सहा महिन्यांत भरलीच पाहिजे, असे बंधन आले. म्हणजे २८८ पैकी एक सदस्य गेला तर कायदा कॅलेंडर हातात घेऊन उभा राहतो. त्या २८८ जणांवर नियंत्रण ठेवणारा गेला तर? संविधानाच्या १७८व्या अनुच्छेदात एवढेच आहे की विधानसभा शक्य तितक्या लवकर आपल्यातून अध्यक्ष व उपाध्यक्ष निवडील, आणि पद रिकामे होईल तेव्हा पुन्हा निवडील. परिषदेसाठी १८२व्या अनुच्छेदातही हेच आहे. दिवस नाही, महिना नाही. घटनाकारांनी मुदत घातली नाही, कारण सभागृह अध्यक्षाविना राहू इच्छील अशी कल्पनाच त्यांना शिवली नसावी. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर २७ फेब्रुवारी १९५६ रोजी वारले आणि ८ मार्चला अनंतशयनम् अय्यंगार निवडले गेले. लोकसभेचेच अध्यक्ष बालयोगी मार्च २००२ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेले आणि १० मे रोजी आपल्या दादरचे मनोहर जोशी त्या खुर्चीवर बसले. लवकर म्हणजे किती, याची लोकांना समज होती तोवर आकड्याची गरज पडली नाही. ती समज दिल्लीतही आता राहिलेली नाही. सतराव्या लोकसभेने उपाध्यक्ष न निवडताच आपली पाच वर्षे पुरी केली.

खुर्ची कोणाची, हा वाद या शहराला नवा नाही. १८६२ मध्ये मुंबईचे कायदेमंडळ सुरू झाले तेव्हा गिरगावचे जगन्नाथ शंकरशेट तिथे नामनियुक्त सदस्य होते, पण सभागृहाचे अध्यक्ष स्वतः गव्हर्नर असत. ज्याच्या कारभाराची झडती घ्यायची तोच बोलण्याची परवानगी देणार, अशी ती रचना होती. सदस्यांना प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला तो १८९२ च्या कायद्यानंतर. १९०१ मध्ये जमीन महसुलाच्या विधेयकावर फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले. गव्हर्नरांच्या सभागृहात विरोध नोंदवण्याचा याहून परिणामकारक मार्ग त्यांना उरला नव्हता. १९२१ च्या सुधारणांनंतर गव्हर्नर त्या आसनावरून उतरले आणि न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर अध्यक्ष झाले. गिरगावच्या प्रार्थना समाजाचे अध्वर्यू म्हणून लोक त्यांना ओळखत होते. १९३७ मध्ये निवडून आलेल्या विधानसभेने मावळंकरांना अध्यक्ष केले. भायखळा-परळ मतदारसंघातून निवडून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच सभागृहात होते. १७५ सदस्यांत त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष लहान होता. तरी सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि पुढच्या वर्षी औद्योगिक कलह विधेयकावर सरकारला धारेवर धरले. मोठ्या पक्षाला अध्यक्षाची गरज कमी असते, कारण त्याच्या बाजूला मते असतात. अध्यक्ष लागतो तो लहान पक्षाच्या आणि एकट्या सदस्याला. त्याचे विधेयक पटलावर येणे, त्याच्या लक्षवेधी सूचनेला तारीख मिळणे, औचित्याचा मुद्दा ऐकून घेतला जाणे, हे सगळे आसनाच्या हाती असते. सरकारच्या हातून ती खुर्ची काढून घ्यायला या शहराला साठ वर्षे लागली. ती रिकामी ठेवली की तिच्यावर सरकारचीच सावली पडते, फक्त यावेळी गव्हर्नराला स्वतः येऊन बसावे लागत नाही.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो, आणि तो वरवरचा नाही. उपाध्यक्ष होते ना? अनुच्छेद १८० नुसार अध्यक्षपद रिकामे असेल तेव्हा अध्यक्षांची कर्तव्ये उपाध्यक्षांनी करायची असतात. नरहरी झिरवाळ ती करत होते. अधिवेशने झाली, अर्थसंकल्प मंजूर झाले, तालिका अध्यक्षांनीही कामकाज चालवले. मग बिघडले काय? जून २०२२ पर्यंत हे उत्तर चालून गेले. २१ जूनला एकनाथ शिंदे यांनी वेगळी वाट धरली आणि पुढच्या चौदा दिवसांत या व्यवस्थेचा कस लागला. शिवसेनेने शिंदे यांच्या जागी शिवडीचे, म्हणजे लालबाग-परळ ज्या मतदारसंघात येतात तिथले, आमदार अजय चौधरी यांना गटनेते केले आणि झिरवाळांनी त्याला मान्यता दिली. पाठोपाठ १६ आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा गेल्या. दुसऱ्या बाजूने झिरवाळांनाच पदावरून दूर करण्याची नोटीस दिली गेली. २०१६ च्या नबाम रेबिया निकालाप्रमाणे स्वतःवर दूर करण्याची नोटीस असताना पीठासीन अधिकाऱ्याने अपात्रतेचा निर्णय देऊ नये, त्यामुळे झिरवाळांच्या अधिकारालाच ग्रहण लागले. २७ जूनला सर्वोच्च न्यायालयाने उत्तर देण्याची मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली, २९ जूनला बहुमत चाचणी रोखायला नकार दिला, आणि त्याच रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. ३ जुलैला १६४ विरुद्ध १०७ मतांनी नार्वेकर अध्यक्ष झाले. त्या रात्रीच गटनेता बदलला आणि प्रतोदपद सुनील प्रभू यांच्याकडून भरत गोगावले यांच्याकडे गेले. शिवडीच्या मतदारांनी निवडलेला माणूस पक्षाचा नेता आहे की नाही, हे दोन आठवड्यांत दोनदा ठरले, ते रिकाम्या खुर्चीच्या एका बाजूने आणि मग नुकत्याच भरलेल्या खुर्चीच्या दुसऱ्या बाजूने. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोगावले यांना दिलेली ती मान्यता बेकायदेशीर ठरवली. पण तोवर सरकार बदलून दहा महिने होऊन गेले होते.

अध्यक्षाची जागा २०२१ मध्येच भरली असती तर हे टळले असते का? बंड टळले असते असे मी म्हणत नाही. नोटीस अध्यक्षांवरही देता आली असती. पण हंगामी भार वाहणाऱ्या माणसावर नोटीस आली की त्याच्यामागे दुसरा कोणीच उरत नाही, आणि सभागृहाच्या दोन कुलपांपैकी एक आधीच उघडे असते. संविधानाने अध्यक्ष आणि उपाध्यक्ष अशी दोन माणसे निवडायला सांगितले आहे ते यासाठीच. मुख्य म्हणजे त्या १७ महिन्यांत अध्यक्ष न निवडण्याचा हिशेब दोन्हीकडे होता. महाविकास आघाडीकडे संख्या होती, पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे मतदान गुप्त असे आणि आपलेच सदस्य फुटतील ही धास्ती होती, म्हणून तिने निवडणूक लांबवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिने नियम बदलून उघड मतदान आणले. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्या बदलाच्या घटनात्मकतेवरच शंका घेतली आणि तारीख दिली नाही. त्याच राज्यपालांनी जुलै २०२२ मध्ये सत्ता बदलताच तारीख दिली आणि नार्वेकरांची निवड त्याच बदललेल्या नियमांखाली, उघड शिरगणतीने झाली. डिसेंबरात घटनाबाह्य वाटलेला नियम जुलैत कसा पचला, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधण्यात अर्थ नाही. पहिल्या पक्षाला खुर्ची भरणे धोक्याचे वाटले आणि दुसऱ्याला ती रिकामी राहणे सोयीचे वाटले. मुदत नसली की दोघांनाही वाट पाहणे परवडते.

दुसरा आक्षेप अधिक कडवा आहे. खुर्ची भरून तरी काय साधले? नार्वेकर बसल्यावर अपात्रतेचा निकाल यायला १० जानेवारी २०२४ उजाडला, म्हणजे दीड वर्ष, आणि निकाल असा की कोणीच अपात्र नाही. मणिपूरच्या केशम मेघचंद्र प्रकरणात २०२० मध्येच न्यायालयाने साधारण तीन महिन्यांत निर्णय द्यावा असे म्हटले होते. अध्यक्ष पक्षाचा माणूस असतो, मग तो असला काय, नसला काय? या आक्षेपातली वेदना खरी आहे, पण निष्कर्ष चुकतो. अध्यक्ष होते म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाला त्यांना नाव घेऊन सांगता आले की ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत निकाल द्या, आणि मग आणखी दहा दिवस देता आले. उशीर करणाऱ्या माणसाला जाब विचारता येतो. रिकाम्या आसनाला नोटीस बजावता येत नाही. दलबदलाचे प्रकरण अध्यक्षाच्या हाती असावेच का, हा प्रश्न मोठा आहे. १९९२ च्या किहोटो होलोहान निकालातही तीन विरुद्ध दोन असे मत पडले होते, आणि जुलै २०२५ मध्ये तेलंगणाच्या प्रकरणात न्यायालयाने संसदेला या व्यवस्थेचा फेरविचार करायला सांगितले. तो बदल होईल तेव्हा होवो. तोवर ज्याच्याकडे हे काम आहे तो माणूस जागेवर असणे ही किमान अट आहे.

परिषदेच्या गोष्टीत तर हा मुद्दा अगदी उघडा पडला. जुलै २०२२ नंतर सभापती नव्हते, उपसभापती नीलम गोऱ्हे त्यांची कर्तव्ये पाहत होत्या. जुलै २०२३ मध्ये त्यांनी शिंदे यांच्या शिवसेनेत प्रवेश केला आणि ठाकरे यांच्या पक्षाने त्यांच्या अपात्रतेची मागणी केली. दहाव्या अनुसूचीप्रमाणे परिषदेच्या सदस्याच्या अपात्रतेचा निर्णय सभापती देतात. सभापतींवरच प्रश्न आला तर सभागृहाने निवडलेला सदस्य निर्णय देईल, अशी सोय आहे. पण सभापतीच नसतील आणि त्यांचे काम पाहणाऱ्या उपसभापतींवर प्रश्न असेल तर? प्रत्यक्षात ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांच्याच समोर सभागृहाचे कामकाज चालले. उपसभापतींनी पक्ष बदलणे योग्य की अयोग्य, हा वाद बाजूला ठेवला तरी तो सोडवण्याची जागाच शिल्लक नव्हती.

विरोधी पक्षनेत्याच्या बाबतीत आक्षेप असा येतो की ही जागा रिकामी ठेवलेली नाही, ती मिळवण्याची पात्रताच कोणाकडे नाही. २०२४ च्या निवडणुकीत ठाकरे यांच्या शिवसेनेला २०, काँग्रेसला १६ आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीला १० जागा मिळाल्या. एकूण जागांच्या दशांशाला, म्हणजे २९ ला, कोणीच पोहोचत नाही. ठाकरे यांच्या पक्षाने भास्कर जाधव यांचे नाव दिले, पण मान्यता मिळाली नाही. मात्र विरोधी पक्षनेत्याच्या वेतनाबद्दलच्या महाराष्ट्राच्या कायद्यात या दशांशाचा उल्लेख नाही. संख्येने सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा आणि अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता, अशी त्यातली व्याख्या आहे. दशांशाची कल्पना मावळंकरांनी लोकसभेत पक्षांना मान्यता देण्यासाठी आणली. आणि महाराष्ट्राचा इतिहास तर तिच्या थेट विरुद्ध साक्ष देतो. १९६२ मध्ये २६४ जणांच्या सभागृहात शेतकरी कामगार पक्षाचे १५ आमदार होते, तरी कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले आणि १९७२ पर्यंत राहिले. १९८५ च्या सभागृहात जनता पक्षाचे २० आणि शेकापचे १३ सदस्य निवडून आले होते. विरोधी पक्षनेते शरद पवार काँग्रेसमध्ये गेल्यावर हे पद निहाल अहमद, दत्ता पाटील, मृणाल गोरे यांच्याकडे आळीपाळीने गेले. तेव्हाही सभागृह २८८ जणांचेच होते. यशवंतराव चव्हाणांपासून वसंतराव नाईकांपर्यंतच्या बहुमतांना पंधरा जणांच्या पक्षाचा नेता समोर बसला म्हणून कधी धोका वाटला नाही. आज २३० च्या वर संख्या असलेल्या सत्ताधाऱ्यांना तो का वाटावा, हे मला तरी उमगत नाही. विरोधी पक्षनेता हा केवळ दालनाचा आणि गाडीचा मानकरी नसतो. अनेक वैधानिक निवड समित्यांत त्याला जागा असते. ती जागा ओसाड राहिली की त्या समितीतले मतभेदाचे मत अगोदरच कापले जाते.

हा प्रकार विधिमंडळापुरता मर्यादित नाही. मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत गिरगावपासून दादरपर्यंत एकाही प्रभागाला नगरसेवक नव्हता. तिथे तर संविधानात स्पष्ट मुदत आहे, तरी प्रभागरचना आणि आरक्षणाच्या वादात ती विरघळून गेली. म्हणून कोणी म्हणेल की मुदत लिहून उपयोग नाही, इच्छा असेल तर लिहायची गरज नाही, इच्छा नसेल तर पळवाट सापडते. हा माझ्या मते सगळ्यांत गंभीर आक्षेप. पण महापालिकेच्या उदाहरणातूनच त्याचे उत्तर निघते. मुदत लिहिलेली होती म्हणूनच नागरिकांना न्यायालयात जाता आले आणि अखेर न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश देता आला. उशीर झाला, पण तो उशीर आहे हे सिद्ध करायला कोणाला पुरावा द्यावा लागला नाही. राज्यपालनियुक्त आमदारांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने पाठवलेल्या नावांच्या यादीवर निर्णय घ्यायला आठ महिने पुरेसे होते असे म्हटले, पण पुढे तारीख ठरवून देता आली नाही, कारण संविधानात तारीख नव्हती. ती यादी सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या सरकारने मागे घेतली, आणि सात नावे आली ती निवडणुकीच्या तोंडावर.

राहता राहिला प्रश्न, हे बदलायचे कोणी. घटनादुरुस्ती दिल्लीत होते आणि तिची वाट पाहण्यात अर्थ नाही. अनुच्छेद २०८ प्रमाणे सभागृहाला आपल्या कामकाजाचे नियम स्वतः करता येतात, आणि डिसेंबर २०२१ मध्ये अध्यक्षांच्या निवडणुकीचा नियम बदलताना हे सभागृहाने करूनही दाखवले. त्याच नियमात एक वाक्य वाढवता येईल. अध्यक्ष किंवा उपाध्यक्ष यांचे पद रिकामे झाल्यावर, सभागृह बसलेले असेल तर १५ दिवसांत आणि नसेल तर पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात निवडणूक होईल. कोणी तारीख दिली नाही तर त्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी ती आपोआप कामकाजपत्रिकेत येईल आणि तिच्याआधी दुसरे कोणतेही कामकाज घेतले जाणार नाही. परिषदेच्या नियमांत असेच एक वाक्य सभापती व उपसभापतींसाठी. विरोधी पक्षनेत्याच्या मान्यतेसाठी अधिवेशनाची पहिली बैठक हीच मुदत, आणि निकष कायद्यात आहे तोच, सर्वांत मोठा विरोधी पक्ष. नियमाने राज्यपालांच्या अधिकारावर आक्रमण होईल, अशी शंका येईल. पण अध्यक्षांची निवड हे संविधानाने विधानसभेला सांगितलेले काम आहे. १७८व्या अनुच्छेदात राज्यपालांचा उल्लेखच नाही. त्यांनी तारीख ठरवायची ही तरतूद सभागृहाच्या नियमांतून आली आहे, आणि नियमाने दिलेले नियमाने आखून घेता येते.

नियम बदलाची सूचना देण्यासाठी मंत्री असावे लागत नाही, कोणताही सदस्य ती देऊ शकतो आणि ती नियम समितीकडे जाते. दक्षिण आणि दक्षिण-मध्य मुंबईचे आमदार या घटकेला सभागृहाच्या दोन्ही बाजूंना आहेत. कुलाब्याचे प्रतिनिधी अध्यक्षांच्या आसनावर आहेत. सलग नऊ वेळा निवडून आलेले वडाळ्याचे कालिदास कोळंबकर २०१९ आणि २०२४ मध्ये हंगामी अध्यक्ष होते. शिवडीचे अजय चौधरी गटनेतेपदाच्या वादात स्वतः सापडले होते. वरळी आणि माहीमचे आमदार विरोधी बाकांवर आहेत. खुर्ची रिकामी राहिल्याने काय होते हे यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने एका ना एका बाजूने पाहिले आहे. पुढच्या अधिवेशनाआधी यांच्यापैकी एकाने ती सूचना लेखी दिली, तर मतदार म्हणून आपल्याला एवढे तरी विचारता येईल की ती समितीत किती दिवस पडून आहे.